छापखाना गल्ली, घर क्रमांक सतरा

३ मार्च, सोमवार

आज मला अधिकारपद मिळालं. लेखी नाही, पण चारचौघांत मिळालं, म्हणजे लेखीच समजायचं.

शाळेच्या सभागृहात गावरक्षक दलाची पहिली सभा झाली. शत्रू नदीपलीकडे दोन दिवसांच्या वाटेवर आहे म्हणतात. तरणी माणसं केव्हाच आघाडीवर गेली, तेव्हा उरलेल्यांनी गाव सांभाळायचं. उरलेले म्हणजे आम्ही: गुडघेदुखीवाले, जाड चष्मेवाले आणि बायकोने ढकलून पाठवलेले. बासष्ट जणांनी नावं दिली. बंदुका सहा, गोळ्या अकरा. बाकीच्यांनी तूर्त काठ्यांवर भागवायचं.

कप्तान म्हणून निवृत्त बँडमास्तरांची निवड झाली. त्यांनी सैन्यात तीस वर्षं काढली आहेत. सगळी कॉर्नेट वाजवण्यात गेली, पण गणवेश त्यांचा स्वतःचा आहे आणि आवाज खणखणीत आहे. त्यांनी विचारलं, "याद्या, पहारे, हुकूम हे सगळं लिहिणार कोण?" तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एकतीस वर्षं मी पोस्टात पत्रांची छाननी करतोय. माझ्या हातून पत्र चुकीच्या खणात पडत नाही, हे गावाला माहीत आहे. मी व्यवस्थाप्रमुख झालो.

घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मोरीचा नळ महिनाभर गळतोय. तो आधी वाचवा, मग गाव वाचवा." लेक खुदकन हसली. जावई आघाडीवर गेल्यापासून ती आमच्याकडेच आहे, आठवा महिना सरत आलाय. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं. माझ्यावर हसली तरी चालेल.

६ मार्च, गुरुवार

दलाचे नियम लिहून काढले. एकूण चौदा. कप्तानसाहेब म्हणाले, "दहा पुरे झाले असते." पण दहांत मावण्यासारखं गाव नाही हे.

नियम चौथा: अनोळखी व्यक्तीला कोणताही पत्ता सांगू नये, पत्ता विचारणाऱ्यास तिथेच थांबवून ठेवावे. नियम नववा: इशाऱ्याच्या दिवशी नियंत्रण कक्षाच्या फोनवर खाजगी बोलणे सक्त बंद. नियंत्रण कक्ष म्हणजे आमचीच छाननीची खोली. टेबल मोठं आहे आणि खणांवर गल्ल्यांची नावं आधीच चिकटवलेली आहेत, त्यामुळे कुठल्या गल्लीत कोण पहाऱ्यावर आहे त्याची चिठ्ठी त्या खणात टाकली की झालं. कप्तानसाहेब खूश झाले. लष्करातसुद्धा अशी सोय पाहिली नाही म्हणाले. त्यांनी लष्करात काय काय पाहिलं असेल याची मला शंका आहे, पण कौतुक कुणाचंही गोडच लागतं.

दिवसभर काठ्यांची कवायत झाली. सलूनवाल्याने डावीकडे वळायच्या वेळी उजवीकडे वळून शिंप्याच्या पोटात काठी खुपसली. शत्रूपक्षाचं नुकसान शून्य.

८ मार्च, शनिवार

काल वरून हुकूम आला: शत्रूला वाट सापडू नये म्हणून गावातल्या सर्व रस्त्यांच्या पाट्या काढून ठेवाव्यात.

मी रात्रभर विचार केला. पाटी काढली की भिंतीवर चार भोकं उरतात. भोकं बघून शत्रूला कळणारच की इथे पाटी होती, म्हणजे आपल्याला फसवतायत. मग तो कुणाला तरी विचारेल. त्याऐवजी पाट्या काढायच्याच नाहीत, अदलाबदल करायची! एका गल्लीची दुसरीला. म्हणजे शत्रू आत्मविश्वासाने चुकेल. एकतीस वर्षं मी चुकीच्या पत्त्याची पत्रं पाहतोय. पत्ता नसलेलं पत्र कुठेही जात नाही, पण चुकीचा पत्ता लिहिलेलं पत्र फार लांबवर जाऊन येतं.

कप्तानसाहेबांनी मांडी थोपटली. "आणि पाट्या ठेवायला जागाही नको!" हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, पण आला होता असं दाखवलं.

११ मार्च, मंगळवार

झालं. चव्वेचाळीस पाट्या, बावीस जोड्या. आमच्या छापखाना गल्लीची पाटी गोदाम गल्लीला लागली, गोदाम गल्लीची आमच्या तोंडाशी. कुठली पाटी कुठे गेली त्याची वही माझ्या घरी, कपाटात, कुलपात.

गंमत म्हणजे गावकऱ्यांना पत्ताच नाही. शेजारीण रोज त्या पाटीखाली उभी राहून हिच्याशी गप्पा मारते, आजही मारल्या, मान वर केली नाही. आपल्या गावात पाटी कोण वाचतं? ती परक्यांसाठीच असते. म्हणूनच तर माझी युक्ती बिनतोड आहे, आपल्यातल्या कुणाला त्रास नाही.

लेकीला मोठ्या हौसेने सांगितलं. तिने विचारलं, "आणि परका माणूस आपल्याच कामाचा असला तर?" मी म्हटलं, "आपल्या कामाचा असला तर तो परका कसा?" यावर ती उठून आत गेली. पटलं असावं.

१४ मार्च, शुक्रवार

हेर पकडला! तलावाच्या रस्त्याने एक मनुष्य तीन तास फिरत होता, हातात टिपणवही. शिंप्याने त्याला हटकलं, तर तो दलाच्या कचेरीचा पत्ता विचारायला लागला. लगेच धरून आणला.

तो निघाला वरच्या कचेरीचा तपासनीस. पाट्या काढल्या की नाहीत ते बघायला आला होता. आधी फार तापला. मग त्याने आपल्या अहवालात लिहिलं, "या गावात वाट सापडणे अशक्य." कप्तानसाहेबांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून घेतलं. मी दिवसभर फळ्यासमोरून ये-जा करत होतो. काम होतंच तिकडे.

१७ मार्च, सोमवार

आज सकाळी दहाच्या थैलीत जावयाचं पत्र सापडलं. पंचवीस दिवसांनी. पाकिटावर त्याचं अक्षर पाहिलं आणि तारखेचा शिक्का तीनदा वाचला हे इथे कबूल करतो. जिवंत आहे. निदान आठवड्यापूर्वी होता.

पत्र छापखाना गल्लीच्या खणात टाकलं. ते नेहमीप्रमाणे चारच्या वाटपात टपालकाकांबरोबर घरी गेलं. टपालकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने पोस्टमन, साठी उलटलीय, पण तरणे पोस्टमन आघाडीवर गेल्यामुळे पुन्हा बोलावले. लेकीने पत्र वाचलं, रडली, हसली, पुन्हा वाचलं. तो मागच्या छावणीत कोठाराच्या कामावर आहे, सुखरूप आहे. सगळं घर एकदम हलकं झालं.

हिला मात्र कळलं की पत्र मी दहालाच पाहिलं होतं. "सहा तास! पोर पंचवीस दिवस उंबऱ्यावर बसून आहे आणि तुम्ही पत्र खणात टाकलंत?" मी म्हटलं, पोस्टाच्या माणसाने आपलं पत्र आधी घरी नेलं तर बाकीच्यांनी काय करायचं? ती म्हणाली, "बाकीच्यांनी? बाकीच्यांनी तुम्हाला जेवायला वाढायचं." रात्री जेवायला वाढलं, पण मुकाट्याने.

१९ मार्च, बुधवार

आमच्या गावच्या जुन्या सुईणबाई आघाडीच्या इस्पितळात गेल्या. त्यांच्या जागी नवीन नर्सबाई आल्या आहेत, शेजारच्या जिल्ह्यातल्या. पुलाजवळच्या दवाखान्यात राहतात. ही आज लेकीला घेऊन तिकडे जाऊन आली.

घरी आल्यावर ही पदराशी चाळा करत बसली. असं ती काळजीत असली की करते. मूल पायाकडून आहे. नर्सबाई म्हणाल्या, पायाळू मुलं मी पुष्कळ सोडवलीत, घाबरू नका, पण कळा सुरू झाल्या की लगेच मला बोलवा, आणि मी आल्याशिवाय कुणी हात लावू नका. दुसरं कुणी करायला जाईल तर आई आणि मूल दोघांनाही धोका आहे.

अजून तीन आठवडे अवकाश आहे. तरी मी बेसावध राहणारा नाही. नर्सबाई गावात नवख्या, तेव्हा मी स्वतः जाड कागदावर, माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात पत्ता लिहून दिला: छापखाना गल्ली, घर क्रमांक सतरा, गल्लीच्या तोंडाशी पाटी आहे. ही उद्या तो त्यांना नेऊन देईल. चूक व्हायला जागाच ठेवली नाही. त्यामुळे आज झोप चांगली लागेल.

२२ मार्च, शनिवार

टपालकाकांवर आज कारवाई करावी लागली. दलात नाव घातलंय, पहारा चौकात दिलाय, पण जेव्हा बघावं तेव्हा हा मनुष्य चौकातल्या कट्ट्यावर बसून कुणाशी तरी बोलत असतो. आज सकाळी एका ट्रकवाल्याशी हातवारे करकरून बोलत होते. दुपारी एका बाईशी. पहारा म्हणजे गप्पांचा अड्डा नव्हे. विचारलं तर म्हणाले, "पाय दुखतात, साहेब. बसलो जरा."

त्यांची बदली पाण्याच्या टाकीवर केली. तिथे बोलायला फक्त टाकी आहे. चौकात आता कुणी नाही, आणि गरजही नाही. सगळं सुरळीत चाललंय.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी ६:४०. गिरणीचा भोंगा झाला. तीन लांब, म्हणजे खरा इशारा. शत्रूची तुकडी नदीकडे सरकतेय. मी पाच मिनिटांत तयार. लेक उठून खिडकीशी उभी होती, एक हात कमरेवर. म्हणाली रात्रभर पाठ भरून आलीय. म्हटलं उशी घे पाठीला. तिने विचारलं, "बाबा, लवकर याल?" म्हटलं, दलाचा मनुष्य वेळ सांगू शकत नाही.

७:४५. सगळे पहारे जागेवर. सगळ्या चिठ्ठ्या आपापल्या खणात. कप्तानसाहेब पुलावर. खण बघितले की धीर येतो.

९:०५. फोन वाजला. खरखरीत एका बाईचा आवाज, "अहो, ऐका, आधी..." एवढंच ऐकलं आणि ठेवून दिला. खाजगी फोन, तोही आज! आवाज ओळखीचा वाटला, पण रागावल्यावर गावातल्या सगळ्या बायका सारख्याच ऐकू येतात.

९:१५. पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला. नियम नववा.

९:३०. महत्त्वाचं! गोदाम गल्लीत तेलाच्या साठ्यावर सलूनवाल्यांचा पहारा आहे. त्यांची चिठ्ठी: "अनोळखी बाई सायकलवरून आली. साठ्यासमोर तीन फेऱ्या मारल्या. पिशवीत कात्री, चिमटे, रबरी नळी. आणि साहेब, ती तुमच्या घराचा पत्ता विचारते." माझ्या घराचा! वही कपाटात आहे ना, पाट्यांची. शत्रूला वहीचा सुगावा लागलाय तर. माझी युक्ती इतकी जिव्हारी लागली असेल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर भीतीबरोबर थोडा अभिमानही वाटला.

९:५०. सलूनवाल्यांची दुसरी चिठ्ठी. "बाई आरडाओरडा करते. म्हणते मला आत्ता तिथे पोचू दिलं नाही तर जीव जाईल." धमक्याही देते! मी लेखी हुकूम पाठवला: "सदर स्त्रीला चौकशी होईपर्यंत कोणत्याही कारणास्तव सोडू नये." खाली सही, वेळ, तारीख.

१०:२०. सलूनवाल्यांची तिसरी चिठ्ठी. "सोडली. आपल्याच हुकमानुसार." या माणसाला डावं-उजवं कळत नाही हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. स्वतः जातो.

२६ मार्च, बुधवार

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहितो, कारण लिहिल्याशिवाय ते डोक्यातून जाणार नाही.

गोदाम गल्लीत पोचलो तेव्हा सलूनवाले काठी टेकून उभे होते. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "साहेब, रागावू नका. तुमचा हुकूम आला, तो मी त्या बाईला वाचून दाखवला. तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि आपल्या पिशवीतला एक कागद काढून शेजारी धरला. म्हणाली, हे बघा, मला बोलावणारा आणि मला कोंडणारा माणूस एकच आहे. आणि साहेब, अक्षर खरंच एकच हो. असा 'श' गावात दुसरा कोण काढतो? मी तिला विचारलं, आता दोन्ही हुकूम साहेबांचेच, मी पाळू कुठला? ती म्हणाली, आधीचा. मग मी तिला तुमच्या दारापर्यंत सोडून आलो. पळतच गेलो. ती वाटभर सांगत होती, तिथे एक मुलगी अडलीय म्हणून."

मला आधी काही कळलंच नाही. मग भिंतीवर नजर गेली. गोदाम गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, छापखाना गल्ली. मीच लावलेली, चार स्क्रू नीट आवळून. त्या बाईने पाटी वाचली, माझ्यावर विश्वास ठेवून आत शिरली आणि सतरा नंबर शोधत राहिली. गोदाम गल्लीत घरं नऊच आहेत, पुढे सगळी कोठारं. ज्या साठ्यासमोर ती तीन वेळा फिरली, तिथे माझं घर असायला हवं होतं.

फोनवरचा 'अहो' कुणाचा होता तेही तेव्हाच समजलं.

मी पळालो. चौपन्नाव्या वर्षी, गणवेशाचा पट्टा खुळखुळत, भर रस्त्यातून. तोंडातून लेकीचं लहानपणचं लाडाचं नाव येत होतं, जे मी वीस वर्षांत घेतलं नव्हतं. लोकांना वाटलं शत्रू आला. दोन दुकानं बंद झाली म्हणे.

दारात पाय ठेवला आणि रडणं ऐकलं. बारीक, चिरका, संतापलेला आवाज. मी उंबऱ्यावरच बसलो. त्यानंतर ही बाहेर आली. केस विस्कटलेले, बाह्या वर केलेल्या. मला वाटलं आता बोलेल. ती नुसती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत." आणि मग ती रडायला लागली. मीही. गावरक्षक दलाचा व्यवस्थाप्रमुख भर सकाळी उंबऱ्यावर बसून रडला, याची नोंद व्हायला हवी.

नर्सबाई मोरीत हात धूत होत्या. उंच, करारी बाई, गालावर धुळीचा पट्टा. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पाय बाहेर आलेले होते मी आले तेव्हा. आणखी पाव तास गेला असता, तर मी तुम्हाला काय सांगितलं असतं ते मला सांगता येणार नाही." मग पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिला. सोडू नये, असं लिहिलेला. "हा तुमचा तुम्ही ठेवा. पत्त्याचा माझ्याकडे राहू दे, मला उद्या परत यायचंय." एवढंच म्हणाल्या. हिच्यासमोर किंवा लेकीसमोर त्या याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. नळ अजून गळत होता. त्यांनी जाता जाता तो हाताने घट्ट पिळला आणि गेल्या.

रात्री हिने विचारलं, "फोन का ठेवलात?" मी म्हटलं, नियम होता. ती उठून बाळाची दुपटी वाळत घालायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेजारणीने नऊलाच दवाखान्यात निरोप दिला होता, तरी नर्सबाई उशिरा का पोचल्या ते घरात कुणालाच माहीत नाही. भोंग्यामुळे रस्ता अडला असेल, असं ही समजते. मी ते तसंच राहू दिलं. ते बरोबर केलं का, हे कळत नाही. शत्रू अजून नदीवरच आहे आणि मला काल सकाळपासून त्याची आठवणही झालेली नाही.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी शिडी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघालो. पहिली पाटी छापखाना गल्लीची. टपालकाका टाकीवरून उतरून आले आणि न सांगता शिडी धरून उभे राहिले.

त्यांना विचारलं, "काका, चौकात तुम्ही रोज कुणाशी बोलत होता?"

"कोण येईल त्याच्याशी, साहेब. धान्याचा ट्रक, औषधवाला, शाळेतल्या नवीन बाई. लष्कराची रुग्णवाहिकासुद्धा तलावाकडे निघाली होती एकदा. बिचारे पाटी वाचून चुकायचे. मग मी सांगायचो, पाटीकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

"नियम चौथा माहीत होता ना?"

"होता की. पण चाळीस वर्षं लोकांची घरं शोधून देतोय. आता लढाई आली म्हणून चुकवायला शिकू काय?"

मी शिडीवरच थांबलो. गाव इतके दिवस माझ्या बंदोबस्तावर चाललंय असं मी समजत होतो. ते या माणसाच्या दुखऱ्या पायांवर चाललं होतं, आणि शनिवारी मी त्याला उचलून टाकीवर बसवलं. तीन दिवसांत घात होता होता राहिला. "काका, माफ करा," म्हटलं. ते म्हणाले, "ती डावी बाजू जरा वर घ्या साहेब, तिरकी होतेय."

दुपारपर्यंत बावीस जोड्यांपैकी नऊ सरळ केल्या. उरलेल्यांचं काम दलाकडे सोपवलं आणि घरी आलो. एकदा प्रत्येक पाटी आपल्या भोकांवर बसली की हुकमाप्रमाणे सगळ्या निमूटपणे काढून ठेवणार आहोत, म्हणजे परत लावताना चूक व्हायची नाही. भोकं दिसली तर दिसू देत. चौकात टपालकाका बसतील. तशी लेखी नेमणूक केली.

लेक जागी होती. बाळ कुशीत. ही स्वयंपाकघरात होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगून टाकलं. पाटी, पत्त्याचा कागद, सलूनवाल्याच्या चिठ्ठ्या, फोन, आणि तो हुकूम. कागद खिशात होता, तोही दाखवला. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. सांगताना मला कळलं की यातला एकही भाग मी घाईत केलेला नाही, सगळं विचार करून, नीट अक्षरात केलेलं आहे.

तिने विचारलं, "किती वेळ त्या तिथे होत्या?"

"पन्नास मिनिटं."

तिने कागद घेतला, वाचला आणि उशाशी ठेवला. मग म्हणाली, "त्या पन्नास मिनिटांत मी तुम्हालाच हाका मारत होते, बाबा. आई नर्सबाई आल्या का बघायला दाराकडे धावायची आणि मी तुम्हाला हाका मारायची. मला वाटायचं, तुम्ही आलात की सगळं नीट होईल. तुमचं सगळं नीटच असतं."

आयुष्यात याहून मोठी शिक्षा मला झालेली नाही आणि होणारही नाही. ती रागावलेली नव्हती, हे तर आणखी वाईट होतं. मी खाली मान घालून बसलो. म्हटलं, तू म्हणशील ते.

तिने कुशीतलं गाठोडं उचललं आणि माझ्या हातांत ठेवलं. "धरा हिला. मान सांभाळा. मला दोन दिवस झोप नाही. रडली तर आईला हाक मारायची नाही, मलाही उठवायचं नाही. तुम्ही बघा."

आणि पाठ फिरवून ती खरंच झोपली. पाच मिनिटांत घोरायला लागली.

मी तसाच बसलो. नात माझ्या कोपराच्या वाकणात मावली होती, वजन एखाद्या पार्सलाइतकंसुद्धा नाही. डोळे मिटलेले, कपाळावर आठी. कुणावर चिडली होती ते मला माहीत होतं. पंधरा मिनिटांत हाताला मुंग्या आल्या. हललो नाही.

चारच्या सुमाराला गिरणीचा भोंगा झाला. एकच, लांबलचक, न तुटणारा. संकट टळल्याचा. रस्त्यावर दारं उघडल्याचे आवाज, माणसांचे आवाज, कुणीतरी पातेलं बडवत होतं. शत्रूची तुकडी नदीवरूनच उत्तरेकडे वळली, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढी धास्ती होती की भोंग्याने नात उठेल. ती उठली नाही. तोंड वेडंवाकडं केलं, मुठी आवळल्या आणि पुन्हा झोपली. मला इतकं बरं वाटलं की शत्रू वळल्याचं ऐकूनही तितकं वाटलं नाही.

थोड्या वेळाने दारात धाडधाड पावलं वाजली. सलूनवाल्यांचा आवाज. "वहिनी, साहेबांना कप्तानसाहेबांनी ताबडतोब बोलावलंय. सगळं दल मैदानावर जमलंय. मिरवणूक काढायचीय. कप्तानसाहेबांनी कॉर्नेट आणलंय!"

ही खोलीच्या दाराशी आली. आत पाहिलं. झोपलेली लेक, खुर्चीवर मी, माझ्या हातातली नात, लेकीच्या उशाशी पडलेला तो हुकमाचा कागद. तो तिने वाकून उचलला. वाचला. सही, वेळ, तारीख, सगळं वाचलं. तिने कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि दारापाशी गेली.

"सांगा तुमच्या कप्तानांना," ती म्हणाली, "ह्यांना इथे पहाऱ्यावर बसवलंय. बदली आल्याशिवाय उठायचं नाही."

बदली साडेपाचला आली. मी साडेसहापर्यंत उठलो नाही.